पहाटे पाचची प्रत

पहाटे पाचला आमच्या घरात दोन कामं एकदम सुरू व्हायची. आतल्या खोलीत आप्पा अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे, आणि बाहेरच्या खोलीत मी कॉम्प्युटर चालू करून मोडेमला फोन लावायला सांगायची. आप्पांच्या पूजेला आवाज नव्हता. मोडेमला मात्र भरपूर होता. आधी टुकटुक करत नंबर फिरायचा, मग एक लांबलचक किंचाळी, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर, आणि जोडणी झाली की एकदम सगळं शांत. पूजेत असताना आप्पा तोंडातून शब्द काढायचे नाहीत. घरात कुणी पडलं-झडलं तरी नाही. हा नेम मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. पण पूजा आटपून पहिला चहा घशाखाली गेला की बाहेर येऊन विचारायचे, "गिरजे, ह्या यंत्राला रोज पोटात दुखतंय व्हय गं? केवढं वराडतंय ते!"

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं घर म्हणजे खाली मिरची कांडपाचा डंक आणि वर आम्ही. डंक म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं, एक वर गेलं की दुसरं उखळात पडणारी. पेठेतल्या बायका घरून मिरच्या भाजून आणायच्या, सोबत धणे, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तळलेला कांदा. पितळी डब्यांची रांग लागायची आणि दिवसभर धबधब चालायची. ती धबधब आमच्या हाडांत मुरली होती. वर चहाचा कप ठेवला तर त्यात बारीक लाटा उठायच्या, भिंतीवरची तसबीर दर महिन्याला तिरकी व्हायची. आणि मिरचीचा खकाणा तर जिना चढून यायचा. आमच्याकडे आलेला पाहुणा दारातच दोन शिंका देऊन मग राम राम करायचा. घरच्या माणसांना मात्र शिंक येत नसे. आप्पांना ह्याचा अभिमान होता. शिंकला तो परका, अशी त्यांची सोपी परीक्षा होती.

आमची माणसं मूळची कर्नाटकाच्या सीमेलगतच्या नेसरीची, म्हणून नात्यांची नावं कानडी. वडील आप्पा, आई अव्वा आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठा भाऊ तो अण्णा. त्याचं नाव बसवराज, पण सगळी पेठ त्याला बसूच म्हणायची. घरातला कॉम्प्युटर त्यानं इंजिनिअरिंगला असताना जुने भाग जमवून बांधला होता. डंकाच्या हादऱ्यानं हार्ड डिस्क मरेल म्हणून त्याच्याखाली अव्वाची जुनी वाकळ चौपदरी घालून ठेवली होती आणि खकाणा बसू नये म्हणून वरून तिचंच विटलेलं लुगडं. डंक सुरू झाला की घरातले दिवे मंद व्हायचे, त्यामुळे कॉम्प्युटरची वेळ पहाटे पाच ते सात, डंक जागा व्हायच्या आधी. हा कायदा आप्पांचा.

आता पहाटेच्या त्या वेळात मी चालवायची तो मिरर म्हणजे काय ते सांगायला हवं. अण्णा कॉलेजात असताना जगभरच्या काही माणसांच्या नादी लागला होता. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती आणि सगळी मिळून एक प्रोग्राम लिहीत होती, आपली देवनागरी अक्षरं कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरळ दिसावीत म्हणून. तेव्हा ती सरळ दिसत नसत. वेलांटी चुकीच्या बाजूला पडायची, रफार भलत्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा, जोडाक्षरं फुटायची. हा प्रोग्राम कुणाच्या मालकीचा नव्हता; हवा त्यानं घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. त्याचा सगळा कोड परदेशातल्या एका सर्व्हरवर असायचा. नुसता आजचा कोड नाही, तर पहिल्या दिवसापासून कुणी कोणती ओळ बदलली, कधी बदलली आणि का, ह्याच्या नोंदींसकट. त्या सगळ्याची जशीच्या तशी प्रत आमच्या वाकळेवरच्या कॉम्प्युटरमध्ये होती, तिला मिरर म्हणत. रोज पहाटे आमचा कॉम्प्युटर त्या सर्व्हरला कालपासून काय बदललं ते विचारायचा आणि तेवढंच आणून आपल्या प्रतीत बसवायचा. तिथं नवीन आलं की इथं यायचं, तिथं पुसलं गेलं की इथंही पुसलं जायचं. ही शेवटची सोय अण्णानंच करून ठेवली होती. "मिरर म्हणजे मिरर," तो म्हणायचा, "तितं जे न्हाय ते हितं कशाला?" ह्याच सोयीनं पुढं त्याचा जीव टांगणीला लागणार होता, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

प्रत ठेवायचं कारण असं की, आमच्या फोनच्या लाईनीवरून ती सगळी उतरवायला अण्णाला महिनाभर पहाटे उठावं लागलं होतं. ते एकदा झालं म्हटल्यावर कॉलेजची पोरं फ्लॉपी घेऊन आमच्याकडे यायला लागली. साडेसहाला येऊन, अव्वाच्या हातचा चहा पिऊन, हवा तेवढा कोड घेऊन, शिंकत परत जायची.

आप्पांना हे सगळं चालत होतं, जोवर ते शिक्षण होतं. अण्णा पास झाला तेव्हा आप्पांनी पेठ वडगावला बाजारात दुसरा डंक टाकायचं ठरवलं, जागा बघितली, मशीन सांगितली, आणि अण्णानं मात्र बेंगळुरूला जायचं काढलं. तिथं तो पोटापुरती नोकरी करणार होता आणि उरलेला वेळ ह्या प्रोग्रामला देणार होता. आप्पांचा घास हातातच राहिला.

"त्ये लोक पगार देत्यात?"

"न्हाय."

"मग फुकट? येडा का खुळा तू? फुकट कोन काम करतंय?"

अण्णाही त्यांचाच मुलगा. तो म्हणाला, "तुमच्या खकाण्यात मला मरायचं न्हाय." आप्पा फार हळू आवाजात म्हणाले, "ह्याच खकाण्यानं शिकलास. जा तर. पर मग फोन करायचा न्हाय आनि केला तर हितं कुनी उचलायचा न्हाय." अण्णा अर्ध्या ताटावरून उठला. ताटात भाकरी आणि शेंगांची चटणी तशीच. जाताना जिन्यात मला एवढंच म्हणाला, "गिरजा, मिरर रोज चालवत जा. पोरं येतील फ्लॉपी घिऊन." बहिणीला निरोप काय द्यावा हे त्याला कधीच कळलं नाही, अजूनही कळत नाही.

तेव्हा मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते आणि आज्ञाधारक म्हणून मला कुणीच ओळखत नव्हतं, पण मिरर मी चालवला. पहिल्यांदा रागानंच चालवला. पंधरा-वीस दिवसांनी सहज नोंदी उघडून बघितल्या आणि त्यात त्याचं नाव दिसलं. बसू. काल संध्याकाळी अमुक फाईल बदलली, वेलांटी आता अक्षराच्या अलीकडे बसते, वगैरे वगैरे. मी स्वयंपाकघरात पळत जाऊन अव्वाला सांगितलं, "अव्वा, अण्णानं काल सांजचं काम केलंय." तिच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. "म्हंजी बरा हाय?" "बरा असल्याबिगर वेलांटी बसवील का?" त्या दिवशीची ती करपलेली भाकरी तिनं स्वतः खाल्ली आणि आम्हाला कारण सांगितलं नाही.

मग तो आमचा रोजचा नेम झाला. मी इंग्रजीतली नोंद वाचून मराठीत सांगायची, अव्वा पदरानं हात पुसत उभी राहायची. काय बदललं ते तिला कळत नव्हतं आणि नको होतं. तिला वेळ हवी असायची. "किती वाजता ल्हिलंय?" सकाळी नऊला लिहिलं असेल तर न्याहारी केली असेल, दुपारी दोनला असेल तर जेवण चुकलं असेल, असा तिचा हिशेब. मी एकदा त्याला ईमेल केली होती. उत्तर दोन ओळींचं: मिरर नीट चाललाय ना? आप्पांना सांगू नकोस. पुढच्या ईमेलनाही अशीच उत्तरं, मिररपुरती. पण अक्षरं बरोबर दिसतात का हे तपासायला एक चाचणीची फाईल होती, तिच्यात नवी नवी मराठी वाक्यं घालायचं काम त्याच्याकडे होतं, आणि तिथं मात्र त्याचं मन उघडं पडायचं. रफार तपासायला त्यानं लिहिलं, "कर्नाटकात भाकरी मिळते, पण अव्वाच्या हातची नाही." दुसऱ्या एका दिवशी, "सर्दी झाली आहे, सुंठ संपली." हे वाचल्यावर अव्वानं सुंठीची पुडी बांधून फळीवर ठेवली. कुठं पाठवणार होती कोण जाणे. त्याच फळीवर तिनं त्या हंगामातली बारीक चाळलेली चटणी एका डब्यात त्याच्या नावानं ठेवली होती. दुसरा हंगाम आला तेव्हा जुना डबा रिकामा करून तिनं नवी चटणी भरली.

हे सगळं चालायचं तेव्हा आप्पा आतल्या खोलीत पूजेत. मधे नुसता पडदा. आम्हाला वाटायचं, ते डोळे मिटून असतात तेव्हा कानही मिटून असतात. एकदा चार दिवस फोनची लाईन मेली. मोडेम गप्प. दुसऱ्या दिवशी आप्पा चहा पिता पिता म्हणाले, "आज गप का हाय ते?" मी म्हटलं, लाईन बंद हाय. तसे ते चपला घालून टेलिफोन ऑफिसला गेले आणि तिथं आवाज चढवून आले, "गिऱ्हाइकांचं फोन येईनात आमच्या!" आमच्या डंकाला आजवर एकाही गिऱ्हाइकाचा फोन आलेला नव्हता. चटणी कुटायला कुणी वेळ ठरवून येतं का? त्या वेळी मी नुसती हसले. तेव्हाच कळायला हवं होतं.

अशी दोन वर्षं गेली आणि तिसरी खंडेनवमी आली. आमच्याकडे खंडेनवमीचा थाट दिवाळीपेक्षा मोठा. डंकाची मुसळं चिंचेनं घासून लख्ख करायची, तराजू, वजनं, चाळण्या, पाने, पक्कड, खुरपं, अव्वाचं शिलाई मशीन, सगळ्यांना विभूती-कुंकू, झेंडूची फुलं, दोन बाजूंना उसाच्या कांड्या. आणि त्या दिवशी एकाही अवजाराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आप्पांनी पूजा उतरवून अवजारं उठवली की मगच काम. आधीच्या दोन्ही वर्षी कॉम्प्युटर ह्यात नव्हता. त्यावर आप्पांचं मत ठरलेलं होतं, "खेळनं हाय ते."

ह्या वेळी मी पाचला बाहेर आले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली, मध्ये कुंकू, बटणावर झेंडूचं टपोरं फूल, आणि विजेची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. आप्पा हात धूत होते.

"आप्पा, हे वो काय?"

"खंडेनवमी. आवजारं पुजायची न्हाईत व्हय?"

"तुमी तर खेळनं म्हनत हुता."

"म्हनत हुतो. रोज माझ्या डंकाच्या आदी उठून कामाला लागतंय, दोन वरसं झाली. मग आवजारच की ते."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण त्या वेळी चार दिवस झाले होते, अण्णाची एकही नोंद आलेली नव्हती. असं आधी कधी झालं नव्हतं. अव्वाला रात्री झोप नव्हती. मी म्हटलं, "एकदाच चालवतो, मग पुजा." आम्ही कोल्हापूरच्या बायका करतो-जातोच म्हणतो, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. आप्पा म्हणाले, "आवजारं आज इसावा घेत्यात. डंक बंद, तुझ्या अव्वाची मिशन बंद. ह्येला काय येगळा न्याय?" आणि ते पूजेला बसले. मी तणतणत गच्चीवर गेले. जग कुठं चाललंय आणि आमच्या घरात कॉम्प्युटरला फूल, असलं बरंच काहीबाही मनात बोलले. वीस वर्षांची होते. त्या वयात आपल्याला सगळं कळत असतं.

दुपारी जेवणं झाल्यावर आप्पा खाली डंकाला हार घालत होते. अव्वा माझ्याजवळ आली, जिन्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "गिरजे, एकदा बघ की गं. देवाला मी हात जोडतो. पाचवा दिस हाय." आयुष्यात एक सोमवार न चुकवलेली बाई. तिनं नेम मोडायला सांगितलं तेव्हा मला तिची कीव आली आणि माझीही भीती वाढली. मी वायर लावली. बटणावरचं फूल उचलून ओंजळीत घेतलं. आणि शेजारच्या भिंतीवरचा फोन वाजला. आमची एकच लाईन. मी तीन मिनिटं आधी मोडेम लावला असता तर तो वाजलाच नसता.

"गिरजा." दोन वर्षांनी त्याचा आवाज. "आज मिरर चालवलास?"

मी कशी आहे, अव्वा कशी आहे, काही नाही. तरीपण मला रडू आलं. "न्हाय," म्हटलं.

"न्हाय? का? लाईट गेलती?"

"आप्पांनी पुजलाय. खंडेनवमी हाय न्हवं. वायर काढून ठेवलीया."

पलीकडे तो रडतोय का हसतोय, नीट समजेना. थोड्या वेळानं त्यानं सांगितलं ते असं. सर्व्हरची जुनी डिस्क बदलायची होती, बेंगळुरूत बसूनच ते करायचं काम त्याच्या अंगावर होतं, म्हणून चार दिवस त्याची नोंद नव्हती. आदल्या संध्याकाळी सगळा कोड नव्या डिस्कवर नेताना जुनं आधीच पुसून झालंय हे विसरून त्यानं जुनं समजून नवंच पुसलं. जपून ठेवलेली प्रत काढली तर ती तीन महिन्यांपासून रिकामीच लिहिली जात होती, कुणी उघडून बघितलीच नव्हती. आणखी दोन देशांत मिरर होते. त्यांनी इमानदारीनं तिथं काही नाही हे बघितलं आणि आपल्याकडचंही पुसून टाकलं. आजचा कोड कुणाकुणाच्या कॉम्प्युटरवर होता, पण पाच वर्षांच्या नोंदी गेल्या होत्या. ज्यानं हे सगळं सुरू केलं तो म्हातारा माणूस त्याच वर्षी वारला होता. त्याच्या हातच्या नोंदी आता कुठंच नव्हत्या. "कोल्हापूरनं पाचला पुसलं असनार म्हनून फोनच करत नव्हतो," अण्णा म्हणाला. "मग वाटलं, इचारून तरी बघावं."

माझी नजर वायरीवर गेली. वायर लावलेली होती. हातात फूल होतं. मी चालू करून मोडेम लावला असता तर दहा-पंधरा मिनिटांत आमच्याकडचंही सगळं गेलं असतं, अव्वाला वाचून दाखवलेली एकेक ओळ गेली असती, आणि ते मीच केलं असतं. मी वायर ओढून काढली. फूल होतं तिथं परत ठेवलं. तोवर अव्वानं रिसीव्हर घेतला होता. तिनं विचारलं, "जेवलास काय?"

आमच्या लाईनीवरून ती प्रत त्याला पाठवायला पुन्हा महिना लागला असता; बेंगळुरूच्या त्याच्या ऑफिसची लाईन मात्र वेगवान होती. त्यापेक्षा तो स्वतः येऊन घेऊन जाणार होता, दसऱ्याच्या सकाळी पोचणार होता. हे आप्पांना सांगायचं काम अर्थातच माझं. ते डंकापुढे रांगोळीचे ठिपके मोजत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"त्येनंच पुसलं?"

"व्हय."

"आनि आपल्याकडचं ऱ्हायलं?"

"तुमी पुजलंसा म्हनून."

मला वाटलं, आता ऐकवतील. दोन वर्षं साठवलेलं सगळं काढतील. आप्पांनी एक ठिपका पुसून नीट घातला आणि म्हणाले, "उद्या पुरनाला डाळ जास्त घाल म्हनावं तुझ्या अव्वाला."

अण्णा सकाळी सातला आला. दाढी वाढलेली, गालफडं वर आलेली, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क. अव्वानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि सुंठीचा काढा पुढे केला. त्याला बिचाऱ्याला काही समजेना, सर्दी तर सहा महिन्यांपूर्वीची होती. आप्पांची पूजा त्या दिवशी संपतच नव्हती. अण्णाची चुळबुळ चाललेली, कुठं कुठली माणसं त्याच्या वाटेकडे डोळे लावून होती. पण पूजा उतरल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं मी सांगितल्यावर तो मुकाट बसला. ज्या पूजेनं त्याला वाचवलं तिच्याशी हुज्जत घालायची त्याची छाती नव्हती.

आप्पा बाहेर आले, कुणाकडे न बघता म्हणाले, "चला, आवजारं उठवायची." आम्ही खाली गेलो. आमच्याकडची रीत अशी, दसऱ्याला डंक सुरू करताना मिरचीची पहिली मूठ घरच्या थोरल्या मुलानं टाकायची. गेली दोन वर्षं ती मी टाकली होती. आप्पांनी मिरच्यांचं सूप उचललं आणि आम्हा दोघांच्या बरोबर मधे धरलं. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. अण्णानं मूठ भरून उखळात टाकली, मुसळं पडायला लागली, खकाणा उठला, आणि अण्णा शिंकला. एक, दोन, तीन. डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"इसरलास व्हय रं?" आप्पा म्हणाले. दोन वर्षांनंतरचं त्यांचं त्याच्याशी पहिलं बोलणं ते. आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या हातात दिला. अण्णा तोंड पुसत राहिला, बराच वेळ, शिंका थांबल्यावरही.

मग आप्पांनी डंक बंद केला, सणासाठी आलेल्या दोन गिऱ्हाइकांना दुपारी या म्हणून सांगितलं, आणि आम्ही वर आलो. अण्णानं मोडेमची वायर आधी काढून टाकली, मग त्याची डिस्क जोडली आणि प्रत उतरवायला घेतली. आप्पा पलंगावर बसून पडद्याकडे बघत होते. काम निम्म्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "ते भाकरीचं हाय न्हवं त्यात? का ते बी गेलंय?"

"कुटलं भाकरीचं?" अण्णा म्हणाला.

"कर्नाटकात भाकरी मिळते, पण अव्वाच्या हातची नाही." आप्पांनी ते वाक्य तो लिहितो तसं, शुद्ध भाषेत, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं म्हटलं. "आनि सुंठीचं. आनि त्या पावसात छत्री मोडल्याचं. सगळं हाय का बघ नीट."

अण्णानं माझ्याकडे बघितलं. मी अव्वाकडे बघितलं. पडद्याआड बसून, डोळे मिटून, त्या माणसानं एकही सकाळ सोडली नव्हती. अण्णा कॉम्प्युटरच्या मागं वाकून वायरी नीट करायला लागला. वायरी चांगल्या नीट होत्या.

त्या दुपारी पुरणपोळी आणि कटाची आमटी झाली. अण्णानं किती खाल्ल्या ते अव्वानं मोजू दिलं नाही. त्याच्या प्रोग्रामचं काय झालं ते आता सगळ्यांच्या खिशात आहे. फोनवर मराठी वाचताना रफार जागेवर दिसतो तेव्हा त्यात चिमूटभर वाटा आमच्या पेठेचा असेल, असं मी मानते. कुणी पुरावा मागू नये. आता अशा प्रती घरी ठेवायची गरज नाही म्हणतात. मी अजून ठेवते. ती आठवड्यातून एक दिवस, डंकाच्या सुट्टीच्या सोमवारी, काही आणत नाही आणि काही पुसत नाही. आणि खंडेनवमीला माझा कॉम्प्युटर फूल घेऊन बसतो. ऑफिसातली मुलं हसतात. हसू देत.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी अण्णानं आप्पांच्या हातात सोनं दिलं, पाया पडला आणि निघाला. अव्वानं चटणीचा डबा आणि सुंठीची पुडी पिशवीत घातली. तो म्हणाला, "पोचल्यावर फोन करतो." आप्पा म्हणाले, "फोन कशाला? पाचला कळतंयच की आमास्नी."

त्यानं सांगितल्याप्रमाणे मी एक दिवस सोडून मिरर लावला. पुसायची सोय आता काढून टाकली होती, तरी आधी जुन्या नोंदी जागेवर आहेत ते बघून मगच मोडेम लावला. मोडेम किंचाळला, खरखरला, शांत झाला. नोंदी आल्या. सगळ्यात वर त्याचं नाव होतं: सगळा इतिहास कोल्हापूरच्या प्रतीवरून परत ठेवला, त्या दिवशी तिथं अवजारांना सुट्टी होती. मी अव्वाला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून, पडद्याआडून, तळहातावर लिंग असताना, आप्पांचा आवाज आला.

"पोचला काय गं त्यो?"

मी म्हटलं, "पोचला, आप्पा."